शाळेत असताना दुकानात नोकरी: इंदूरच्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजवाड्याजवळच्या एका कपड्यांच्या दुकानात माणसं घेणं, त्यांची हजेरी आणि पगार सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर, गणपतीच्या मंडळात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेलं तरी कोणी ना कोणी विचारतंच: "आमच्या चिन्मयला तुमच्याकडे लावता का?" त्यामागोमाग येणारे प्रश्नही ठरलेले. ते एका जागी लिहून ठेवले आहेत. दहावी ते बारावीतली मुलं आणि त्यांचे आईबाबा डोळ्यांसमोर आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी सोळा वर्षांचा आहे, अकरावीत शिकतो. दुकानात नोकरी करणं कायद्याला चालतं का?

चालतं. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला, तेव्हापासून वयाचे दोन टप्पे आहेत. चौदा पूर्ण न झालेल्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही (घरच्या धंद्याचा अपवाद प्रश्न १३ मध्ये आहे). चौदा ते अठरा या वयातल्यांना कायद्यात किशोर म्हटलं आहे. त्यांना धोक्याची कामं सोडून बाकी कामं करता येतात. कपडे, चपला, पुस्तकं, भांडी, किराणा, मोबाइलची कव्हरं विकणं हे धोक्याच्या कामात बसत नाही. मात्र वेळेचं बंधन कडक आहे, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

२. किती तास काम करता येतं? दुकान तर रात्री साडेनऊपर्यंत चालतं.

दुकान चालू दे, अठराखालच्याने सातला निघायचं. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात किशोराला कामावर ठेवता येत नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तासाची सुट्टी. ती सुट्टी आणि कामाची वाट बघत बसण्याचा वेळ धरून सगळं सहा तासांत बसलं पाहिजे. म्हणजे प्रत्यक्ष काम फार तर पाच तास. ओव्हरटाइम नाही. आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी.

प्रत्यक्षात ते असं दिसतं: दुपारी एकला आला, चारपर्यंत काउंटरवर, चार ते पाच जेवण-विश्रांती, पाच ते सात पुन्हा काम, सातला घरी. मधल्या तासात शेठने "जरा चहा सांगून ये, येताना गोदामातून दोन गठ्ठे आण" म्हटलं, तर ती विश्रांती नव्हे.

इंदूरची ग्राहकी नेमकी सातनंतर रंगात येते, हे मला माहीत आहे. सीतलामाता बाजारात संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नसते आणि शेठला माणूस हवा असतो तो त्याच वेळी. म्हणून "सात म्हणजे साडेआठ समजा" असा सौदा ठरतो. करू नका. तपासणीत सापडलं तर दंड मालकाला होतो, पण रात्री नऊला बाजारातून सुदामा नगरला एकटं परतावं लागतं ते मुलाला.

३. शाळा एक-दोनला सुटते, त्यात सातची मर्यादा. मग काम करायचं कधी?

माझं सरळ मत: शाळा चालू असताना फक्त रविवार, आणि खरी नोकरी सुट्टीत. रोज शाळेतून थेट दुकानात जाणारी मुलं मी पाहिली आहेत. पंधरवडाभर उत्साह असतो, मग डबा खायला वेळ नाही, गृहपाठ रात्री अकराला, आणि चाचणी परीक्षेच्या आठवड्यात फोन बंद.

सुट्टीचा हिशोब इथला धरा. मध्य प्रदेशात महाराष्ट्रासारखी लांबलचक दिवाळीची सुट्टी नसते, थोडे दिवस मिळतात. त्यामुळे पुण्याच्या मावसभावाने दिवाळीत महिनाभर काम केलं म्हणून तुम्हालाही जमेल असं नाही. मोठी सुट्टी उन्हाळ्याची, मे ते साधारण जूनचा मध्य. त्यात लग्नसराई असते, कापड आणि भांड्यांच्या बाजाराला माणसं हवीच असतात. दहावीची बोर्डाची परीक्षा संपल्यावर मिळणारा मोकळा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. डोक्यावर काहीच नसतं आणि घरात बसून मोबाइलच बघितला जातो.

रविवारची जागा शोधताना दुकान किरकोळ विक्रीचं आहे ना ते बघा. घाऊकवाले बहुतेक रविवारी शटर पाडतात.

४. मॉलमधल्या मोठ्या ब्रँडमध्ये का नाही? तिथे एसी असतो.

कारण ते सहसा घेत नाहीत. मोठ्या साखळी दुकानांची भरती बहुधा अठरा पूर्ण झालेल्यांचीच असते. त्यांची शिफ्ट रात्रीपर्यंत चालते, हजेरी मशीनवर असते आणि सगळे कागद मुख्य ऑफिसला जातात, त्यामुळे प्रश्न २ मधल्या वेळा त्यांना जमत नाहीत. ट्रेझर आयलंड किंवा फिनिक्स सिटाडेलमध्ये कोणी "वय चालवून घेऊ, मोठ्या भावाचं आधार आण" असं सुचवलं, तर तिथूनच परत फिरा. दुसऱ्याच्या कागदावर काम केलं तर पगार त्याच्या नावावर जातो, आणि उद्या काही लागलं-पडलं तर तुम्ही तिथे कामाला होतात हेच सिद्ध होत नाही.

अठराखालच्यांना काम मिळतं ते ओळखीच्या, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा दुकानात. खजुरी बाजारातली पुस्तकांची दुकानं शाळा उघडायच्या वेळी, कपड्यांची दुकानं सणासुदीला, आणि कॉलनीतली जनरल स्टोअर्स वर्षभर.

५. पहिल्या दिवशी काय काम देतात? मला बिलिंग शिकायचं आहे.

बिलिंग महिन्याभराने. पहिल्या दिवशी झाडणं-पुसणं, माल लावणं आणि घड्या. हसू नका, घडीवरून माणूस कळतो. शर्टाची बटणं एकाआड एक लावायची, पालथा टाकायचा, पुठ्ठा कॉलरच्या खाली मधोमध ठेवायचा, दोन्ही बाह्या मागे, मग खालून दोन दुमड. साइझचं स्टिकर बाहेरून दिसलं पाहिजे. नवा मुलगा घडी छान घालतो आणि ४२ चा शर्ट ३८ च्या थप्पीत ठेवून देतो. संध्याकाळी गर्दीत तो शर्ट कोणाला सापडत नाही आणि गिऱ्हाईक जातं.

साडीच्या दुकानात तर गादीवर एका बाईंसाठी पंधरा-वीस साड्या उघडल्या जातात, त्यांना चुण्या न पडू देता परत घड्या घालायच्या. त्या बाई घेऊन गेल्या एकच, किंवा "उद्या यांना घेऊन येते" म्हणून उठल्या. चेहरा पडू द्यायचा नाही.

पुढे मग बारकोड, स्टॉक मोजणी, परत आलेला माल, आणि शेवटी बिल. गल्ल्याला हात लावायला लवकर मिळत नाही. ते तुमच्याच फायद्याचं आहे. का ते प्रश्न ९ मध्ये.

६. पगार किती मागायचा? शेठ म्हणतात, "शिकतोयस, पैसे कसले?"

शिकवणं आणि काम करून घेणं यातला फरक शेठला चांगला कळतो. तुम्ही मांडलेला माल विकला गेला की ते काम झालं. "पहिले पंधरा दिवस ट्रायल, बिनपगारी" हे मान्य करू नका.

राज्य सरकार किमान मजुरीचे दर जाहीर करतं, आणि महागाई भत्त्याप्रमाणे ते एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतात. चालू दर कामगार खात्याकडून, म्हणजे इथे सगळे ज्याला श्रम विभाग म्हणतात तिथून, बघून घ्या. अर्धवेळ कामाचा अंदाज काढायला महिन्याच्या दराला २६ ने भागा, मग ८ ने. केवळ हिशोब समजावा म्हणून: महिन्याचा दर १३,००० धरला तर दिवसाचे ५००, तासाचे साडेबासष्ट, पाच तासांचे ३१२ रुपये ५० पैसे. खरा दर त्या-त्या वेळचा घ्यायचा.

पैशाचं बोलायला मराठी घरातल्या मुलांना फार लाज वाटते असा माझा अनुभव आहे. शेठला वाटत नाही. "रविवारचे किती, सुट्टीच्या महिन्याचे किती, आणि कोणत्या तारखेला" हे तीन प्रश्न पहिल्या भेटीत विचारा आणि त्याच दिवशी शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा: "आज ठरल्याप्रमाणे…" म्हणून. त्यांनी नुसता अंगठा दाखवला तरी कामाला येतो.

७. कागद कोणते द्यायचे? मूळ मार्कशीट मागितली आहे.

वयाचा पुरावा द्यायचा: दहावीची मार्कशीट किंवा जन्माचा दाखला, आणि आधार. सगळ्याची झेरॉक्स. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त नोकरीसाठी" असं लिहून सही करा. मूळ कागद दाखवायचा आणि परत घ्यायचा. मूळ मार्कशीट ठेवून घेण्याचं कारण एकच असतं, मुलाने मध्येच सोडून जाऊ नये. कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी ती सोडवायला आईवडिलांनी हात जोडावेत अशी वेळ आणू नका.

मालकानेही किशोर कामावर असल्याची सूचना श्रम निरीक्षकाला द्यायची असते, आणि नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांतीची वेळ यांचं रजिस्टर ठेवायचं असतं. वयावरून वाद झाला तर निकाल वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर लागतो. "आपला गुमास्ता आहे, सगळं कायदेशीर आहे" असं सांगितलं जातं. गुमास्ता ही दुकानाची नोंदणी, तिचा तुमच्या वयाशी संबंध नाही.

८. "एक वर्ष सोडणार नाही" असा बाँड भरून घेतला आहे. आता अडकलो का?

नाही. १८७२ च्या करार कायद्यात अठराखालच्याला करार करण्याची क्षमताच नाही, त्यामुळे त्याची सही असलेला बाँड मुळातच रद्द ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) १९०३ मध्ये हे स्पष्ट केलं आणि ते आजही तसंच चालतं. केलेल्या कामाचा पगार मात्र त्यामुळे बुडत नाही.

गोम पुढे आहे. मुलाच्या सहीला किंमत नाही हे जाणणारा मालक बाबांची सही घेतो. बाबा सज्ञान आहेत, त्यांनी जामीन म्हणून काही लिहून दिलं असेल तर तो वेगळा मामला होतो. पालकांनी "माझी हरकत नाही" एवढ्यावर सही करावी. "नुकसान भरून देईन" यावर करू नये.

९. रात्री गल्ल्यात आठशे रुपये कमी भरले. माझ्या पगारातून कापले. बरोबर आहे का?

गल्ला फक्त तुमच्या ताब्यात होता का, हा पहिला प्रश्न. (दुसरा: रात्री तुम्ही तिथे काय करत होतात? प्रश्न २ वाचा.) कापता येतं ते तुमच्या हवाली केलेल्या मालाचं किंवा पैशाचं, तुमच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं नुकसान, आणि तेही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. चार जण ज्या गल्ल्यात हात घालतात त्याची तूट सगळ्यात लहान पोराच्या नावावर टाकणं हा कायदा नव्हे, सोय आहे. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत.

गल्ल्यावर बसायची वेळ आलीच तर बसताना रोख मोजून डायरीत लिहा, उठताना पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकड्यांपुढे शेठची किंवा मुनीमजींची सही घ्या. पाचशेची नोट घेतली की सुटे मोजून हातात पडेपर्यंत ती नोट गल्ल्यात टाकायची नाही, वर दिसेल अशी ठेवायची. "मी पाचशे दिले होते, तू दोनशे म्हणतोस" हे भांडण तिथेच मिटतं. यूपीआयचं पेमेंट गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर बघून सोडू नका, दुकानाच्या साउंडबॉक्सवर किंवा मोबाइलवर आल्याशिवाय माल द्यायचा नाही.

१०. पगार बाबांच्या खात्यात टाकतो म्हणतात. माझं खातं निघेल का? आणि टॅक्स?

निघेल. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. किती रक्कम, कार्ड द्यायचं की नाही, हे बँक ठरवते. पगार स्वतःच्या खात्यात यावा असा माझा आग्रह असतो. पुढे पैसे मिळाले नाहीत अशी तक्रार करायची झाली (प्रश्न १७), तर पासबुकातल्या नोंदीएवढा चोख पुरावा दुसरा नाही.

कराचं भय नको. एवढ्या पगारावर कर बसत नाही. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात असं कोणीतरी ऐकलेलं असतं. ते मुलाच्या नावावर ठेवलेल्या ठेवीच्या व्याजासारख्या उत्पन्नाला लागू आहे. मुलाने स्वतः काम करून मिळवलेल्या पैशाला नाही. पॅन कार्ड अठराखालीही मिळतं, अर्ज पालकांनी करायचा.

११. दुकान लांब आहे. अ‍ॅक्टिव्हा घेऊन गेलं तर?

नको. सोळा पूर्ण झालेल्यांना परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि अ‍ॅक्टिव्हा त्याच्या दुपटीहून मोठी आहे. २०१९ पासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. शेठने "माझी गाडी घे, रामबागेत पार्सल टाकून ये" म्हटलं तरी हेच लागू.

सिटी बस, सायकल, नाहीतर घराजवळचं दुकान. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या आणि २५० वॉटपर्यंतच्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला परवाना लागत नाही. घेताना कागद बघून घ्या.

१२. हजेरी कमी पडली तर? क्लासही आहे, बारावी आहे.

सीबीएसईला बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, एमपी बोर्डातही तेवढीच. सूट मिळते ती आजारपण किंवा त्यासारख्या कारणांसाठी, कागद दाखवून. "दुकानात कामाला होतो" हे कारण कुठल्याच बोर्डाला चालत नाही.

बारावीत नोकरी करू नका, असं मी थेट सांगते, आणि माझ्याकडे आलेल्यांना परतही पाठवते. सकाळी शाळा, दुपारी भंवरकुआंचा क्लास, त्यात रविवार दुकानाला दिला तर झोपेतूनच वेळ काढावा लागतो. घरची गरजच तशी असेल तर मात्र हे सुनावणं सोपं आणि ऐकणं कठीण, हेही मला कळतं. अशा वेळी आधी शाळेतल्या सरांशी-बाईंशी बोला. फी-माफी, शिष्यवृत्ती, पुस्तकं यातलं काय मिळू शकतं ते त्यांना ठाऊक असतं, आणि विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगायला येत नाही. मग काम घ्यायचंच तर जानेवारीच्या आधी थांबेल असं ठरवूनच घ्या.

१३. आमचंच दुकान आहे. तेरा वर्षांचा धाकटा गल्ल्यावर बसतो. चालेल? आणि मामाच्या दुकानात?

घरच्या धंद्याला अपवाद आहे. चौदाखालचं मूल शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत करू शकतं. कायद्याने कुटुंबात आईवडील आणि सख्खी भावंडं धरली आहेत, शिवाय वडिलांची आणि आईची भावंडं. म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आले. आत्याचे यजमान, मावसभाऊ, शेजारचे "काका", बाबांचे पार्टनर यात येत नाहीत. इंदूरच्या मराठी घरांत सगळेच काका असतात, पण कायद्याला सख्खे लागतात.

मदतीलाही मर्यादा आहे: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळेच्या वेळात नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ नाही, आणि अभ्यासाची आबाळ होता कामा नये. गल्ल्यावर तासभर बसून सुटे मोजणं यात बसतं. नोकर सुट्टीवर गेला म्हणून दिवसभर बसवणं बसत नाही. दुसऱ्याच्या दुकानात चौदाखालचं मूल ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

१४. दिवाळीत फटाक्याच्या स्टॉलवर आठ दिवसांचे चांगले पैसे देतात.

अठराखालच्यांना बंदी. फटाके बनवणं, साठवणं आणि विकणं हे तिन्ही धोक्याच्या यादीत आहे. घरचा स्टॉल असला तरी प्रश्न १३ मधली सवलत इथे लागू होत नाही. तंबाखूचंही तसंच: कॉलनीतल्या किराणा दुकानात काम करत असाल तर सिगारेट-गुटख्याच्या काउंटरला तुम्ही हात लावायचा नाही, ते मोठ्या माणसाने बघायचं. सराफ्यातल्या रात्रीच्या चाटच्या गाड्यांबद्दलही विचारणा होते. तो बाजार भरतो तेव्हा तुमची घरी जायची वेळ उलटून गेलेली असते.

दिवाळीतच कमवायचं असेल तर पणत्या, रांगोळी, आकाशकंदील, कपडे, भेटवस्तूंचं पॅकिंग. पॅकिंगला तर कोवळी, चपळ बोटं शोधतच असतात.

१५. सकाळी एका दुकानात, दुपारी दुसऱ्या दुकानात केलं तर?

एका दिवशी एकच दुकान. पहिल्यात दोनच तास केले असले तरी त्याच दिवशी दुसरीकडे काम करता येत नाही.

१६. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. आणि एक मुलगी विचारते: तिथला एक जण अंगचटीला येतो, काय करू?

हे दोन प्रश्न एकाच चिठ्ठीत आले होते, आणि पहिला मोठ्या अक्षरांत, दुसरा खाली बारीक. म्हणून दुसऱ्याचं उत्तर आधी.

आजपासून जाऊ नकोस. पगार नंतर बघू. घरी सांग, आईला नाही सांगवत तर मावशीला, आत्याला, शाळेतल्या बाईंना. अठराखालच्या मुला-मुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्यात नुसता वाईट हेतूने केलेला स्पर्शही गुन्हा आहे आणि मुलाची ओळख उघड करता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालतो, तातडीला ११२. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानात तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, पण अल्पवयीन मुलीने आधी समितीकडे जावं अशी अट नाही. "दुकानाची बदनामी होईल" असं सांगणारा तुझ्या बाजूचा नाही.

आता पाय. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या माणसांना बसायची सोय द्यायचा कायदाच केला. इथे कामावर रुजू होण्याआधी विचारून घ्या: स्टूल आहे का, गिऱ्हाईक नसताना बसू देता का, बाथरूम कुठे आहे. शेवटचा प्रश्न मुलींनी हमखास विचारावा. जुन्या पेठेतल्या कित्येक दुकानांत उत्तर "समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये" असं येतं. चप्पल जाड तळाची, विश्रांतीच्या तासात पाय वर करून बसायचं. तरी सूज उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

१७. काम सोडून महिना झाला, पैसे दिले नाहीत. कुठे जायचं?

आधी शेठकडे, बाबांना बरोबर घेऊन आणि तारखांचा कागद हातात घेऊन. मजुरीचा नवा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे. हे शांतपणे सांगितलं तरी पुष्कळ वेळा पाकीट निघतं.

नाहीच निघालं तर श्रम विभागात लेखी अर्ज. मध्य प्रदेशच्या श्रम आयुक्तांचं ऑफिस भोपाळला नाही, इंदूरलाच आहे, एवढं तरी आपलं नशीब. सीएम हेल्पलाइन १८१ वरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. अर्जासोबत प्रश्न ६ मधला मेसेज, पासबुकाची नोंद, दुकानातला तुमचा एखादा फोटो, हजेरीच्या पानाचा फोटो यातलं जे असेल ते जोडा. मी तर मुलांना सांगते, रोज दुकानात पोचलात की आईला "पोचलो" आणि निघताना "निघालो" असा मेसेज करा. आईला काळजी नाही, आणि तुमची हजेरी आपोआप लिहिली जाते.

१८. या कामाचा पुढे काही उपयोग? "दुकानात काम केलं" हे सांगायला बरं दिसतं का?

बरं दिसायचं काय, बेधडक सांगा. सीबीएसईत रिटेल हा विषयच आहे, नववी-दहावीला आणि अकरावी-बारावीलाही. पण सगळ्या शाळा तो शिकवत नाहीत, विचारून बघा. दुसरी वाट १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याची: चौदा पूर्ण झाल्यावर रीतसर शिकाऊ म्हणून लागता येतं, महिन्याला विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. दहावीनंतर शिक्षणात खंड पडलेल्यांनी साध्या नोकरीआधी हे बघावं.

सोडताना दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी मागून घ्या, कधीपासून कधीपर्यंत आणि काय काम. शेठ स्वतः लिहायला बसणार नाहीत. तुम्ही टाइप करून न्या, त्यांना फक्त सही-शिक्का करू द्या.

१९. मी बारावीत आहे, पण अठरा पूर्ण झाले. आता रात्रीपर्यंत थांबलो तर चालेल?

वेळेची ती बंधनं अठराव्या वाढदिवसाला संपतात. तुम्ही अजून शाळेत आहात की नाही याने फरक पडत नाही. त्या दिवसापासून तुम्ही इतर नोकरांसारखे: कामाचे तास, ओव्हरटाइमचा दुप्पट दर, साप्ताहिक सुट्टी, सगळं मोठ्यांचं. दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे का ते विचारा, वीस किंवा जास्त असतील तर पीएफ (भविष्य निर्वाह निधी). पगारातून ०.७५ टक्के ईएसआयचे कापले जातात. त्या बदल्यात तुम्हाला उपचार मिळतात, म्हणून कार्डाचा नंबर मागून घ्या. पॅन अल्पवयीन म्हणून काढलं असेल तर फोटो आणि सहीसाठी नवा अर्ज करा. बँकेतही नवी सही द्यावी लागते.

आणि आता तुमच्या सहीला किंमत आली आहे. बाँड पुढे केला तर प्रश्न ८ मधलं उत्तर तुम्हाला लागू नाही, वाचूनच सही करा. हजेरीची ७५ टक्क्यांची अट मात्र तशीच आहे.